पेटत्या चुलींची रिकामी घरे

शाळेत अंकगणित शिकवीत असताना व्यस्त त्रैराशिक हा माझा आवडता धडा होता. दहा मजूर एक विहीर वीस दिवसांत खणतात, तर वीस मजूर ती किती दिवसांत खणतील? मजूर वाढले की दिवस घटतात. एका बाजूचे वाढते, तसे दुसऱ्या बाजूचे कमी होते. हे मुलांना उमगले की त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो पाहून मला वाटे, संसारातली निम्मी कुलपे या एका किल्लीने उघडावीत. पुढे मी शाळा सोडून बऱ्हाणपुरात घरवाटप कार्यालयाचा निरीक्षक झालो. तिथे ही किल्ली कुलपात गेली, फिरलीही. कुलूप मात्र उघडले नाही. का उघडले नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

हल्ली संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर आम्ही काही निवृत्त मंडळी बसतो. समोर तापी, पाठीमागे शहर. परवा एकाने विचारलेच, "मास्तर, तुम्ही तर घरांच्याच खात्यात होते. जिकडे पाहावं तिकडे वस्त्या उभ्या होऊन राहिल्या. मग घर स्वस्त काहून होत नाही?" (निरीक्षक होऊन निवृत्त झालो तरी शहराने मला मास्तर म्हणायचे सोडले नाही.) मी नेहमीप्रमाणे उत्तर टाळले आणि तुळसाबाईची गोष्ट सांगितली. तीच येथे क्रमाने लिहितो. तिच्यातून उत्तर निघते की नाही, हे वाचकांनी पाहावे.

प्रथम आमच्या कामाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षे झाली होती. काही कुटुंबे शहर सोडून गेली होती, आणि सिंधमधून त्याहून अधिक येऊन उतरली होती. संस्थाने विलीन होत होती. तिथले कारकून, हिशेबनीस, शिक्षक नव्या नेमणुकांवर आमच्याकडे येत होते आणि आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारीत होते, राहायचे कुठे? घरे थोडी, माणसे फार. म्हणून असा नियम झाला की घर रिकामे झाले की मालकाने ते कार्यालयाला कळवावे, कार्यालयाने ते गरजूला नेमून द्यावे, आणि भाडेही कार्यालयानेच ठरवावे. मालकांना हे रुचणे शक्य नव्हते. किल्ली हातात देताना, पावती न देता, भाड्याखेरीज जी रक्कम घेतली जाते तिला पगडी म्हणतात. सरकारने नेमून दिलेल्या भाडेकरूकडून पगडी कशी मागणार? तेव्हा मालक एकच गोष्ट करीत. ते घर रिकामे झाल्याचे कळवीतच नसत. आणि कळवले नसले तरी घर रिकामे आहे, हे शोधून काढणे हे निरीक्षकाचे, म्हणजे माझे, काम होते.

हे वाटते तितके सोपे नाही. दाराला कुलूप आहे म्हणून घर रिकामे म्हणावे, तर माणसे कापूस वेचायला गेलेली असतात. दार उघडे आहे म्हणून भरलेले म्हणावे, तर कोणाला तरी उंबऱ्यावर आणून बसवलेले असते. इतवाऱ्यातल्या एका गृहस्थाने रिकाम्या माजघरात म्हैस बांधली होती. मी विचारले, "इथे कोण राहते?"

"ही राहते ना."

"माणसे कोण राहतात?"

"मास्तर, हिला माणसांत नका का धरू? सगळं घर हिच्या जिवावर चालतं."

दुसऱ्या एकाने खोलीत हातमाग उभा करून ठेवला आणि हा कारखाना आहे, राहते घर नव्हे, असे निवेदन केले. बऱ्हाणपुरात मागाला कोण हरकत घेणार? त्याच्या खटखटीशिवाय या शहराला झोप येत नाही. पण त्या मागावर सूत नव्हते. तसे मी म्हटल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "सूत येऊन राहिलं मास्तर, वाटेत आहे." मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा ते वाटेतच होते.

अशा अनुभवांनंतर मी एक खात्रीची कसोटी शोधली. घरात शिरायचे, थेट चुलीपाशी जायचे, आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या लहान तोंडावर, तळहात ठेवायचा. सकाळी स्वयंपाक झाला असेल तर ती माती दुपारपर्यंत ऊन राहते. बाकी सोंगे आणता येतात. रोज चूल पेटवण्याचे सोंग कोण आणील? मी तसे टिपण साहेबांना लिहून दिले. चूल ऊन असल्यास वास्तव्य समजावे. थंड असल्यास घर रिकामे समजावे; अधिक चौकशी करावी. साहेबांना ते इतके आवडले की त्यांनी त्याचा कार्यालयाचा नियमच करून टाकला. मात्र संक्षेपासाठी शेवटचे तीन शब्द गाळले.

त्याच सुमारास लालबागच्या रस्त्याला सरकारने नव्या चाळी बांधायला घेतल्या. मला फार आनंद झाला. मी एका कागदावर घरे आणि पगडी यांचे व्यस्त त्रैराशिक मांडून साहेबांना दाखवले. नव्या चाळी भरल्या की जुन्या वस्तीतली घरे सुटतील. घरे वाढली की पगडी उतरेल. साहेबांनी कागद टेबलावरच्या काचेखाली ठेवला.

चाळी झाल्या. कुटुंबे सामान घेऊन टांग्यांतून तिकडे गेली. बुधवाऱ्यातल्या एका गल्लीतून तर माझ्या देखत गेली. आणि त्यानंतर बुधवाऱ्यातली पगडी वाढली.

साहेबांनी काच उचलून कागद बाहेर काढला. "मास्तर, उत्तर उलटे आले."

"रीत बरोबर आहे, साहेब."

"मग काय, शहर चुकले?"

मी कागद घरी नेला, पुन्हा तपासला आणि दुसऱ्या दिवशी परत काचेखाली ठेवला. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता. माणसे त्या गल्लीतून गेली होती हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी त्या गल्लीत एकही घर रिकामे नव्हते. मी स्वतः जाऊन प्रत्येक चुलीवर हात ठेवला होता, आणि प्रत्येक चूल ऊन होती. माणसे जातात आणि घरे मात्र भरलेली राहतात, हे कोणत्या त्रैराशिकात बसवावे?

आता तुळसाबाईविषयी. ही आमच्या कार्यालयाच्या पायरीवर नेहमी दिसणारी बाई. तिचा नवरा मागाच्या सुताला कांजी लावण्याचे काम करी. तो गेल्यावर, ज्या खोलीत ती राहत होती ती घरमालकाने पगडी देणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला दिली. तेव्हापासून ती शीतळामातेच्या ओट्यालगतच्या धर्मशाळेच्या ओसरीत निजत असे. तिची मुलगी मंजुळा तेव्हा लहानच, परकर नेसायच्या वयाची. तिला तिने शाहपुरला आपल्या भावाकडे ठेवले होते. भाऊ केळीच्या बागांत राबणारा, माणूस वाईट नव्हता. पण घरात त्याचीच चार पोरे. त्याने मंजुळेसाठी एक बिजवर पाहिला होता. तुळशीची लग्ने झाली की हिचेही उरकायचे, असा निरोप आला होता.

"मास्तर, घर कधी भेटंल?" ती विचारी.

"अर्ज दिला आहे ना? मग क्रमाने येईल."

"दिवाळीच्या अगोदर येईल का? भाऊ म्हणतो, तुझं घर असतं तर तुझी पोर तुला दिली असती. ओसरीत काय पोर ठेवतात का? तेही खरंच हाय म्हणा. माझं मागणं काही मोठं नाही, एक खोली पाहिजे. दार लागलं म्हणजे झालं."

"सध्या काम काय करता?"

"दामोदरशेठकडं. सकाळची वरची कामं."

दामोदरशेठ म्हणजे रुईचे व्यापारी. बुधवाऱ्यातल्या त्या गल्लीतली चार घरे त्यांची होती. यापलीकडे मी त्या वेळी काही विचारले नाही.

त्या वर्षी साहेबांनी बुधवाऱ्याची तपासणी काढली, ती नेमकी श्रावणातल्या शिळ्या सप्तमीला. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शीतळामातेच्या या दिवशी चूल पेटवायची नसते. आदल्या दिवशीच दशम्या, दहीभात करून ठेवतात. चूल सारवून तिला हळदकुंकू वाहतात, आणि दिवसभर सगळे घर शिळे खाते. चुलीला वर्षातून एक दिवस विसावा. त्या दिवशी जिच्या घरी चूल पेटेल तिच्यावर माता कोपते, अशी समजूत आहे.

मी साहेबांना म्हटले, "आज माझी कसोटी चालणार नाही. आज सगळ्याच चुली थंड असतील."

साहेब दुसऱ्या प्रांतातले होते. ते हसले. "म्हणजे नियमाप्रमाणे आज सगळे शहर रिकामे?"

"नियमाप्रमाणे तसेच होईल."

"तरी जाऊन या. आदेश निघाला आहे."

मी गेलो. एका घरामागून एका घरात सारवलेल्या, गार, हळदकुंकू ल्यालेल्या चुली पाहत गेलो. बायका हसत होत्या. "मास्तर, आज हात नका लावू बरं, पूजा केलेली हाय!" एकीने तर हातावर दशमीच ठेवली. अशा रीतीने मी शेठच्या पहिल्या घरापर्यंत पोचलो. आत कोणी नव्हते. सवयीने वैलावर हात ठेवला आणि तसाच उचलला. वैल ऊन होता.

दुसरे घर. ऊन. तिसरे घर, तेही ऊन. सगळ्या गल्लीत ज्या घरांत माणसे होती तिथल्या चुली थंड, आणि ज्या घरांत माणूस दिसत नव्हता तिथल्या चुली तेवढ्या पेटलेल्या! मी गोंधळून गेलो. चौथ्या घराच्या दारातून धूर येत होता. आत तुळसाबाई फुंकणी घेऊन चुलीपुढे उकिडवी बसली होती.

"तुळसाबाई, हे काय?"

ती दचकली. मग म्हणाली, "चूल हाय, मास्तर."

"चूल आहे हे दिसते. आज सप्तमी आहे."

"हाव. मला काय ठाऊक नाही का? त्या माईच्याच ओट्यापाशी निजते मी." तिने पदराने डोळे पुसले, धुराने की कशाने, सांगता येत नाही. "मुनीमजी म्हणे, तपासणी येऊन राहिली, चारी चुली ऊन पाहिजेत. मी म्हटलं, आज नका सांगू, माय कोपंल. तर म्हणे, घर असंल तिथं कोपंल. मग मीही माईला तेच सांगितलं. म्हटलं, माय, हे घर नाही. घर असतं तर आज पेटवली नसती."

"रोज पेटवता? चारही?"

"रोज. गोवरी शेठची, काडी शेठची, फुंक माझी."

"आणि त्यावर करता काय?"

"काय करणार? तवा तरी हाय का हिथं?"

मी सभोवती पाहिले. चूल होती. तवा नव्हता, पोळपाट नव्हता, पाण्याचा माठ नव्हता. इतके दिवस मी चुलीपर्यंत येऊन परत फिरत होतो. तव्याचा विचार मला शिवला नव्हता.

कार्यालयात परतल्यावर मी अर्जांचे काम पाहणाऱ्या कारकुनाला तुळसाबाईच्या अर्जाविषयी विचारले. तो म्हणाला, "तो तर केव्हाच निकालात निघाला, मास्तर. अर्जदाराला अगोदरच घर आहे."

"कुठे?"

"बुधवाऱ्यात. एक नाही, चार. चारही ठिकाणी शेठनी लिहून दिलं आहे की त्यांची चुलत आत्या तिथे राहते. तुमचीही नोंद आहे की चूल ऊन."

दुसऱ्या दिवशी मी हे तुळसाबाईला सांगायला ओट्यावर गेलो. ती कडुनिंबाखाली बसून तांदूळ निवडत होती. प्रथम तिला वाटले, मी थट्टा करतो आहे. मग ती इतकी हसली की सूप खाली ठेवावे लागले.

"माझी चार घरं? अन् मी शेठची आत्या? अरे देवा! तरीच म्हणते, शेठ मला पाहून रस्ता काहून बदलतात. आत्याला ओवाळणी द्यावी लागंल ना!" मग हसू थांबले. "मग मास्तर, असं करा ना. तीन परत घ्या, अन् एक मला द्या."

हिशेब तिचा सरळ होता. माझाच होत नव्हता. चारही घरे रिकामी आहेत असे मी कळवले, तर ती क्रमवारीप्रमाणे मोठ्या कुटुंबांना जातील, आणि एकटी बाई यादीत शेवटी. काहीच कळवले नाही, तर शेठच्या चुली तशाच पेटत राहतील, आणि तुळशीची लग्ने झाली की मंजुळा शाहपुरातच बोहल्यावर चढेल. दोन्हीकडून शेष एकच उरत होता. अखेर नियम जसा लिहिला आहे तसा शब्दशः वाचावा, असे ठरवले.

"तुळसाबाई, नीट ऐका. जिथे तुमची चूल पेटते तिथे तुमचे वास्तव्य, असा आमचा नियम आहे. शेठनी तसे लिहूनही दिले आहे. जो राहतो त्याला आमच्या परवानगीशिवाय मालक बाहेर काढू शकत नाही. तेव्हा उद्या चौथ्या घरात चूल पेटवाल, ती विझवून बाहेर पडू नका. तिच्यावर भाकरी करा."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. "एवढंच?"

"एवढंच. तवा मात्र न्या."

तिने तवा नेला. मी उरलेली तीन घरे रिकामी असल्याचे कळवले. तिसऱ्या दिवशी दामोदरशेठ उपरणे सावरीत कार्यालयात आले. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून भरलेले.

"साहेब, एक बाई माझ्या घरात घुसून बसली हाय!"

साहेबांनी कागद पुढे ओढला. "तुळसाबाई. तुमच्या चुलत आत्या."

"कुठली आत्या? ती माझी कोणी लागत नाही!"

"हे तुम्हीच लिहिलेले आहे."

"ते, साहेब… लिहावं लागतं."

"म्हणजे आत्या नाहीत. म्हणजे तिथे कोणी राहत नव्हते. म्हणजे घर रिकामे असून तुम्ही कळवले नाही. त्याला दंड आहे. तसे लिहू?"

शेठनी माझ्याकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले, पुन्हा साहेबांकडे पाहिले. "राहते," ते म्हणाले. "आत्याच हाय. लांबची." जाताना माझ्या टेबलापाशी थांबून हळूच म्हणाले, "मास्तर, वडिलांना बहीण नव्हती माझ्या. या वयात तुम्ही मला आत्या केली!"

तुळसाबाईने ठरलेले भाडे नेमाने दिले आणि गल्लीत शेठ दिसले की मोठ्याने हाक मारायला सुरुवात केली, "भाच्या, जेवलास का रे?" गल्ली हसे. शेठ मान खाली घालून जात. पण एकदा मी त्यांना हसताना पाहिले.

दिवाळीच्या अगोदर शाहपुरचा भाऊ घर पाहायला आला. खांद्यावर केळीचा घड. त्याने कडी लावून पाहिली, काढून पाहिली, छताकडे पाहिले. "घर तर हाय," तो म्हणाला, जणू कोणी उलट सांगत होते. मंजुळा त्याच्या मागे उभी होती. ती आत गेली ती चुलीपाशी, आणि तिथेच बसून राहिली. बिजवराला भावाने नकार कळवला.

इथे गोष्ट संपावी असे मलाही वाटते. पण माझा कागद अजून साहेबांच्या काचेखाली होता. उरलेली तीन घरे आम्ही वाटली. एक सिंधमधून आलेल्या कुटुंबाला, एक विलीन झालेल्या एका संस्थानातल्या हिशेबनीसाला, एक शिक्षकाला. गल्लीत घरे वाढली. मी पुन्हा त्रैराशिक मांडले. आणि पुढच्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतली पगडी आणखी चढली.

मी चौकशी केली. कोणी सांगितले, घरे मिळतात हे कळल्यावर जी भावंडे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे करून राहत होती तीही घर शोधायला निघाली. आजवर ती मागणारांत मोजलीच गेली नव्हती. कोणी सांगितले, शेठची गत पाहून इतर मालकांनी घरांत कापडाच्या गाठी भरून ठेवल्या. आता ती घरेच राहिली नाहीत. प्रत्येकाचे म्हणणे मला पटे आणि दुसऱ्याशी जुळत नसे. शेवटी मी दामोदरशेठनाच विचारले. त्यांनी माझा राग धरला नव्हता. गादीवर बसवून दराबा, ही बऱ्हाणपुरी मिठाई, पुढे केला आणि म्हणाले, "शाहपुरात केळी एकदम उतरली की भाव पडतो. खरं ना? काहून पडतो? केळं थांबत नाही म्हणून. आज विका नाही तर उद्या फेका. घर थांबतं, मास्तर. उद्या महाग होणार हे ज्याला कळलं, तो आज काहून देईल?"

"पण शेठ, ही तीन घरे तर थांबली नाहीत. लगेच भरली. तरी भाव चढलाच."

शेठनी दराब्याचा घास तोंडात तसाच धरून विचार केला. "ते मलाही कळलं नाही," ते म्हणाले.

दरम्यान आमचे साहेब बदलले. नवे साहेब तरुण, कर्तव्यतत्पर, आणि आल्याबरोबर सर्व नियम वाचून काढणारे. पुढच्या श्रावणात एका सकाळी त्यांच्यापुढे निनावी तक्रार आली. बुधवाऱ्यातले अमुक घर तुळसाबाईने सोडले आहे, ती भावाकडे शाहपुरला गेली आहे, घर बंद ठेवून अडवले आहे. अक्षर ओळखण्याचा मी प्रयत्न केला नाही. घर रिकामे ठरले असते तर ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावे झाले असते, आणि मायलेकींना पुन्हा ओसरी आणि शाहपूर.

"चला," साहेब म्हणाले. "तुमचाच नियम आहे. पाच मिनिटांचे काम."

दाराला बाहेरून कडी होती. शेजारणीकडे विचारावे तर शेजारचेही दार बंद. आम्ही कडी काढून आत गेलो. साहेब थेट चुलीपाशी गेले, बाही सरसावली, आणि मी वर्षानुवर्षे ठेवीत होतो तसा वैलावर तळहात ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "कालपासून पेटलेली नाही. लिहा मास्तर, रिकामे."

मी लेखणी उघडली नाही. चूल ओल्या पोतेऱ्याने सारवलेली होती. तिच्या तोंडाशी हळदीकुंकवाची बोटे, त्यावर एक जास्वंद. कोपऱ्यात झाकलेल्या ताटाखाली काहीतरी होते. मी ताट उचलले. कालच्या दशम्या, वाडग्यात दहीभात. उतरंडीला टेकून तवा उभा केलेला, घासून चकचकीत.

"साहेब, आज शिळी सप्तमी आहे," मी म्हटले. "आज जिथे कोणी राहते, तिथली चूल थंड असते. ही ऊन असती, तर मीच रिकामे लिहिले असते."

"तुमच्या टिपणात असे कुठेही नाही."

"नाही. माझे टिपण अपुरे आहे."

तेवढ्यात दारात सावली पडली. तुळसाबाई आणि मंजुळा शीतळेच्या ओट्यावरून परत येत होत्या. केस ओले, हातांत पूजेची ताटे. साहेबांना पाहून तुळसाबाईचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिले, मग चुलीकडे.

"मास्तर," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आज नाही पेटवली हो. आज कशी पेटवू? घर हाय ना."

साहेबांनी हाताला लागलेले सारवण रुमालाने पुसले. मंजुळेने मुकाट्याने एका पानावर दशमी ठेवून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उभ्यानेच खाल्ली; दुसरीही घेतली. मग मला म्हणाले, "लिहा, वास्तव्य आहे."

मी लिहिले. बाहेर पडून आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत आलो तेव्हा साहेब थांबले. त्यांनी काचेखालचा माझा जुना कागद वाचलेला असावा.

"मास्तर, उद्या ही चूल पेटेल?"

"पेटेल, साहेब."

"आणि बुधवाऱ्यातली पगडी उतरेल?"

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हटले.